पोहे आणि एक जपानी सिनेमा

माझी नोकरी चुका शोधायची आहे. एखादं सॉफ्टवेअर लोकांच्या हातात पडण्याआधी माझ्याकडे येतं आणि ते कुठे कुठे मोडेल हे मी बघते. जे बटण कुणी दाबणार नाही असं बनवणाऱ्याला वाटत असतं, तेच मी आधी दाबते. या कामात मी चांगली आहे. ऑफिसात लोक मला थोडे घाबरतात, आणि नवऱ्याच्या मते घरातही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जी चूक येणार आहे ती माझी आहे, आणि तीन ओळींपैकी दोनच वाचल्यामुळे ती झाली.

त्या वर्षी बाबा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे अमेरिकेत, बॉथेलला आले होते. आई जाऊन तीन वर्षं झाली होती. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये बाबा एकटेच राहायचे, आणि फोनवर कसे आहात म्हटलं की "मजेत" म्हणायचे. आदल्या हिवाळ्यात ते चार दिवस तापानं पडून होते. दाराशी दुधाच्या पिशव्या साठल्या म्हणून खालच्या वॉचमननं बेल वाजवली. मला हे कळलं ते पंधरा दिवसांनी, तेही शेजारणीकडून. त्या चारही दिवसांत मी रोज फोन केला होता आणि रोज "मजेत" ऐकलं होतं. तेव्हा बसलेली धास्ती काही जाईना. आता ऑक्टोबरच्या अखेरीला त्यांचं परतीचं तिकीट होतं, आणि तो दिवस जवळ यायला लागला तशी माझी चिडचिड वाढत चालली. मला भीती वाटली की मी चिडते. बाबांना हे माझ्या लहानपणापासून ठाऊक आहे, त्यामुळे मी आदळआपट करायला लागले की ते शांतपणे चष्मा पुसत बसायचे, आणि मी आणखी चिडायचे.

त्या उन्हाळ्यात एक गोष्ट मात्र आपोआप चांगली झाली होती. आमच्या समोरच्या घरात नाशिकचं एक कुटुंब राहतं. त्या घरातल्या मुलाची आई, आम्हा सगळ्यांच्या काकू, त्याही तेव्हा सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. वय सदुसष्ट, ठेंगणा बांधा, पंजाबी ड्रेसखाली स्पोर्ट्स शूज, आणि बोलणं असं की समोरच्यानं जरा सावरूनच बसावं. त्यांचे यजमान जाऊन आठ वर्षं झाली होती. त्यांना नदीकाठच्या पायवाटेवर फिरायला आवडायचं, पण तिथली मोठाली राखी बदकं मान लांब करून फिस्कारत अंगावर यायची आणि काकू अर्ध्या वाटेतून परत यायच्या. बाबांकडे काठी होती. ओळख झाली ती अशी.

मग रोज सकाळी सातला काकू आमच्या दारासमोर येऊन उभ्या राहायला लागल्या. बेल वाजवायच्या नाहीत, कारण गरजच पडायची नाही. बाबा पावणेसातपासून बूट घालून तयार असायचे. घरात दिवसाला तीन वाक्यं बोलणारा हा माणूस नदीकाठी तासभर बोलायचा. एकदा ऑफिसला जाताना मी गाडीतून पाहिलं, दोघं वाटेच्या कडेला उभे राहून ब्लॅकबेरी तोडत होते, काकू काहीतरी सांगत होत्या आणि बाबा हसत होते. आई गेल्यानंतर मी त्यांना असं हसताना पाहिलंच नव्हतं. मी सिग्नलवर रडले. आणि पुढच्या सिग्नलपर्यंत डोळे पुसून ठरवूनही टाकलं की आता आपण यात काहीतरी केलं पाहिजे.

हा माझा स्वभाव. एखादी गोष्ट छान चालली असली की मला ती तशी बघवत नाही, पक्की करून टाकावीशी वाटते. एकट्या बाबांना पुण्याच्या त्या फ्लॅटमध्ये परत पाठवायचं माझ्या जिवावर आलं होतं. इथे दोन एकटी माणसं समोरासमोरच्या घरांत, एकमेकांशी बोलणारी, आणि दोघांची तिकिटं जवळजवळ एकाच आठवड्यातली. मला गणित सुटल्यासारखं वाटलं.

आता बाबांना सरळ विचारायचं, तर तोंड उघडेना. समोर भिंतीवर आईचा फोटो. विषय काढावा तर कसा काढावा? दोनदा चहा घेऊन त्यांच्यासमोर बसले आणि दोन्ही वेळा पुण्यातल्या सोसायटीच्या लिफ्टबद्दल बोलून उठले. शेवटी वाटलं, विषय आपण कशाला काढायचा, एखाद्या सिनेमालाच काढू दे.

बाबा तरुण असताना त्यांच्या कंपनीनं त्यांना तीन महिने जपानला ट्रेनिंगला पाठवलं होतं. ज्या घरात ते राहायचे तिथली म्हातारी त्यांच्यासाठी मासे न घालता भात वेगळा काढून ठेवायची, हे ते अजूनही सांगतात. तेव्हापासून त्यांना जपानी सिनेमांचं वेड. जुने, कृष्णधवल, ज्यांत बाप आणि लेक चटईवर बसून दोन तास चहा पितात आणि काही म्हणता काही घडत नाही, तसले. बाबा ते बघतात आणि शेवटी रुमाल काढतात. म्हणून मी टीव्हीवर जपानी सिनेमे चाळायला बसले आणि अर्ध्या तासात मला हवा तो मिळाला. त्याच्या खाली लिहिलं होतं: बायको वारलेल्या एका माणसाला त्याचा तरुण मुलगा पुन्हा लग्न कर म्हणून सुचवतो. मित्राच्या मदतीनं तो मुली बघायला सुरुवात करतो.

या दोन ओळींत मराठी माणसाला काय दिसणार? मला कांदेपोहे दिसले. बिजवर बाप, समंजस मुलगा, मदतीला धावणारा मित्र, थोडी फजिती, शेवटी सगळं गोड. तिसरी ओळ वाचायला 'आणखी वाचा' असं एक बटण होतं. ते मी दाबलं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांची बटणं दाबत आले आणि तेवढं एक दाबलं नाही.

राहिला प्रश्न काकूंचा. सिनेमा बघायला या म्हटलं असतं तर त्यांनी दहा प्रश्न विचारले असते. म्हणून मी सांगितलं, इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात माझ्या मुलीचा नाच आहे, तिच्यासाठी नऊवारी शिवायची आहे, रविवारी दुपारी मापं घ्यायला याल का? काकू शिवणात हुशार, नुसतं विचारल्यावरच खूश झाल्या. नाच नव्हता. नऊवारी नव्हती. मुलगी तर त्या दुपारी घरीच नव्हती, तिला सॉकरच्या प्रॅक्टिसला घेऊन नवरा गेला होता आणि मी त्याला बजावलं होतं की पाचच्या आत येऊ नका.

रविवारी सकाळी मी बाबांना आकाशी शर्ट इस्त्री करून दिला. "कशाला?" ते म्हणाले. "असाच घाला हो," मी म्हटलं. त्यांनी घातला. मी गॅरेजमध्ये कपडे धुवायला टाकायला गेले तेव्हा वॉशिंग मशीनवर बूट पॉलिशची डबी उघडी पडलेली दिसली, ती मी कुरकुरत बंद करून ठेवली. पोहे केले, वरून खोबरं कोथिंबीर घातली, ठेवणीतल्या बशा काढल्या. काकू बरोबर अडीचला आल्या, हातात बिस्किटांचा तो निळा पत्र्याचा डबा, ज्यात आपल्याकडे बिस्किटं कधीच नसतात. सुया, रिळं, टेप, खडू.

"मुलगी कुठंय?" त्यांनी विचारलं.

"येईलच इतक्यात. तोपर्यंत पोहे घ्या. बाबा एक सिनेमा लावतायत."

पहिला तास, खोटं कशाला सांगू, मला स्वतःचा अभिमान वाटत होता. सिनेमा संथ, देखणा. रिकामं घर, बाप आणि मुलगा जेवायला समोरासमोर. मुलगा म्हणतो, तुम्ही थकलेले दिसता, पुन्हा लग्न करा. मी तिरक्या नजरेनं बाबांकडे पाहिलं. ते मान हलवत होते. मधूनच एखादा जपानी शब्द ओळखून काकूंना अर्थ सांगत होते आणि काकू "हो का?" म्हणत होत्या. सगळं माझ्या मनासारखं.

मग त्या मित्रानं युक्ती काढली. सिनेमात काम द्यायचं आहे असं सांगून मुलींना बोलवायचं, एकेकीला खुर्चीत बसवून प्रश्न विचारायचे, आणि या माणसानं बाजूला बसून त्यातली एक बायको म्हणून निवडायची.

काकूंनी बशी खाली ठेवली. "म्हणजे त्या मुलींना माहीतच नाही, आपल्याला कशासाठी बोलावलंय ते?"

"नाही बहुतेक," बाबा म्हणाले. "हे काही बरोबर नाही."

मी चहा टाकायला उठले.

चहा घेऊन आले तेव्हा त्यानं एक मुलगी पसंत केली होती. पांढरे कपडे, लांब केस, खाली घातलेली मान. "किती शांत आहे हो," बाबा म्हणाले. "फार शांत आहे," काकू म्हणाल्या. मग ती मुलगी तिच्या खोलीत दिसली. खोलीत सामान नाही, जमिनीवर एक फोन, आणि ती त्याच्यासमोर मान घालून बसलेली, तो वाजायची वाट बघत. तिच्यामागे एक मोठं गोणपाटाचं पोतं. मला वाटलं, धुवायचे कपडे असतील. फोन वाजला आणि पोतं हललं.

त्यानंतर काय काय झालं ते मी सगळं लिहिणार नाही. पोह्यांच्या बशा समोर होत्या. तो बिजवर जमिनीवर आडवा, हलताही येईना, आणि ती शांत मुलगी सुया घेऊन त्याच्या शेजारी बसलेली, लांब लांब सुया, आणि एखाद्या लहान मुलाशी बोलावं तसं त्याच्याशी लाडानं बोलत. बाबांनी डोळे गच्च मिटले. मी रिमोट शोधत होते, तो ट्रेखाली, उशांखाली, कुठेच सापडेना. "बंद कर, अगं बंद कर," बाबा म्हणत होते.

"राहू दे," काकू म्हणाल्या. "मला बघू दे."

आणि त्यांनी शेवटपर्यंत बघितला. ताठ बसून, मांडीवर शिवणाचा डबा घेऊन. सिनेमा संपला. काहीतरी बोलावं म्हणून मी म्हटलं, "पोहे आणखी देऊ का?" हे मी खरंच म्हटलं. अजून आठवलं की भिंतीवर डोकं आपटावंसं वाटतं.

तेवढ्यात दार उघडलं. पाऊस आल्यामुळे प्रॅक्टिस लवकर सोडली होती. मुलगी चिखलाचे बूट हातात घेऊन आत आली आणि टीव्हीवर थांबलेलं सिनेमाचं नाव बघून जागीच थांबली. "ओ माय गॉड, आई. तू त्यांना हे दाखवलंस? धिस इज लाइक द स्केरिएस्ट मूव्ही एव्हर."

काकूंनी तिला जवळ बोलावलं, टेप काढली. "ये गं. तुझ्या नऊवारीची मापं घेऊन टाकते."

"व्हॉट नऊवारी?" ती म्हणाली. "आजी, आय डोंट इव्हन डान्स."

काकूंनी टेप गुंडाळली. अगदी हळू, एकेक वेढा नीट बसवत. मग बाबांच्या शर्टाकडे बघितलं, पोह्यांवरच्या खोबऱ्याकडे बघितलं, ठेवणीतल्या बशांकडे बघितलं. शेवटी माझ्याकडे.

"अस्सं," त्या म्हणाल्या. "पोहे, इस्त्रीचा शर्ट, आणि सिनेमात बिजवर. आणि मी वेडी सुया घेऊन आले."

"काकू, तसं नाही..."

"माझं ऐक. मला सव्वीस जणांनी बघितलं आहे. एकानं चालून दाखवायला सांगितलं. एकाच्या आईनं अंबाडा सोडायला लावला, केस खरे आहेत का बघायला. आणि एकाची आत्या होती, तिनं सुई आणि दोरा हातात दिला. डोळे चांगले आहेत का बघायचे होते. मी खिडकीपाशी सरकले तर म्हणाली, तिकडे नाही, इथे बस, भिंतीशी. ओवला मी दोरा, पहिल्या फटक्यात. मग ते 'कळवतो' म्हणून गेले. अजून कळवतायत." त्यांनी टेप डब्यात टाकली. "पण त्या सव्वीसही वेळा मला सांगितलं होतं. आज बघायला येणार आहेत, साडी नेस, असं आई निदान सांगायची. तू तेवढंही केलं नाहीस गं."

त्या उठल्या आणि चप्पल घालून पावसात समोर निघून गेल्या. डबा सोफ्यावरच राहिला. 

बाबा कधी ओरडत नाहीत. त्या दिवशीही ओरडले नाहीत. "मला विचारलंस?" एवढंच म्हणाले.

आणि मी, चूक माझी असताना, त्यांच्यावरच भडकले. म्हटलं, विचारून काय होणार होतं, तुम्ही मजेत म्हणाला असतात! चार दिवस तापात पडला होतात आणि मजेत म्हणत होतात! परत जाल, दार लावून बसाल, आणि एक दिवस पिशव्या साठतील आणि वॉचमनलाही उशीर होईल, मग मी इथून काय करू? विमानात बसून तेवीस तास काय करू? बोलता बोलता मी रडायला लागले. मुलगी चिखलाचे बूट हातात घेऊन तशीच उभी होती. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि ते खोलीत गेले.

सोमवारी सातला दारासमोर कुणी नव्हतं. बाबा बूट घालून बसले होते. साडेसातला त्यांनी बूट काढले. मंगळवारी तेच. बुधवारी त्यांनी बूट घातलेच नाहीत. मी दोनदा समोर जाऊन आले, दोन्ही वेळा सून म्हणाली, आई झोपल्यात. सकाळी अकराला. मी समजले. ज्या एका गोष्टीमुळे बाबा या घरात माणसासारखे हसले बोलले होते, ती मी पक्की करायला गेले आणि मोडून बसले. जाईपर्यंत आता ते खिडकीत बसून राहणार आणि मग तसेच रिकामे परत जाणार, हे मला उघड दिसत होतं. त्या आठवड्यात मी ऑफिसात एकही चूक शोधली नाही.

शनिवारी सकाळी बाबा बाहेर आले ते तोच आकाशी शर्ट घालून. हातात तो निळा डबा. "चल," म्हणाले. "हा परत द्यायचाय. आणि तुला माफी मागायचीय."

काकूंनीच दार उघडलं. मुलगा आणि सून बाजारात गेले होते. मी उंबऱ्यातच माफी मागितली, जमेल तेवढी सरळ मागितली, चुकले म्हटलं, पण-बिण काही लावलं नाही. काकूंनी मान डोलावली आणि डब्यासाठी हात पुढे केला. बाबांनी डबा दिला नाही.

"आत येऊ का?" त्यांनी विचारलं.

आत गेल्यावर ते बसले नाहीत. उभ्यानंच बोलले, आणि मी त्यांना एका दमात इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "गेल्या रविवारी तुम्हाला न सांगता बघायला बोलावलं. मला माहीत नव्हतं. पण मला काहीच माहीत नव्हतं असं म्हटलं तर तेही खोटं होईल. शर्ट हिनं काढून दिला होता. बुटांना पॉलिश मात्र मी केलं. घरात बसून सिनेमा बघायला बुटांना पॉलिश कोण करतं?" त्यांनी घसा खाकरला. "तर मुलीला सव्वीस वेळा बघून झालंय. आज मी आलोय. तुम्ही बघा."

काकूंनी त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. 

"चालून दाखवू?" बाबा म्हणाले.

"चालणं रोज बघते मी," काकू म्हणाल्या.

"केस म्हणाल तर..." बाबांनी टकलावरून हात फिरवला.

काकूंच्या तोंडाचा एक कोपरा जरासा हलला. "मग सुई राहिली," त्या म्हणाल्या.

त्यांनी डबा घेतला, उघडला, बोटानं चाळून त्यातली सगळ्यात बारीक सुई काढली आणि काळ्या रिळाचा वीतभर दोरा तोडला. बाबा खिडकीजवळच्या खुर्चीकडे निघाले. "तिकडे नाही," काकू म्हणाल्या. "इथे. भिंतीशी."

बाबांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय आणि दुसऱ्याचं व्हायचंय. हात गेल्या दोन वर्षांपासून थोडे कापतात. ते भिंतीशी बुटक्या स्टुलावर बसले, सुई उंच धरली, दोरा ओठांत ओला केला आणि ओवायला लागले. दोरा सुईच्या डावीकडून गेला. उजवीकडून गेला. पुन्हा ओला केला. पाच मिनिटं झाली असतील, दहा झाली असतील. मला बघवेना. माझे हात आपोआप पुढे झाले.

"तू बस," काकू म्हणाल्या. "तुझं करून झालंय."

मी बसले. बाबांच्या कपाळावर घाम आला होता. चष्मा काढला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. सासरच्या माणसांसमोर बसलेल्या एखाद्या नव्या मुलीसारखे ते मान वर करत नव्हते. एकदा काकूंचा हातसुद्धा मांडीवरून किंचित उचलला गेला, मी पाहिलं, पण त्यांनी तो परत खाली ठेवला. आणि मग दोरा गेला. बाबांना आधी कळलंच नाही. त्यांनी पलीकडून टोक चिमटीत पकडलं, हळूच ओढलं, आणि सुई दोऱ्यावर लोंबकळायला लागली. ते इतके खूश झाले की माझ्याकडे बघून हसले.

काकूंनी सुई घेतली, खिडकीपाशी नेऊन उजेडात धरून बघितली. नीट बघितली. मग डब्यात खोचून ठेवली, तशीच, दोऱ्यासकट.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "कळवते."

दाराशी बाबांनी विचारलं, "कधीपर्यंत?"

"मुलीकडच्यांनी असं विचारायचं नसतं," काकू म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

त्यानंतर बाबांनी मोबाइल हातातून खाली ठेवला नाही. जेवताना ताटाशेजारी, आंघोळीला जाताना बाथरूमच्या दाराशी. चार्जर सोफ्याजवळच लावून घेतला. एरवी फोनचा आवाज बंद ठेवणारा माणूस, आवाज पूर्ण मोठा करून द्यायला नातीला सांगत होता. दुपारी मी घरूनच काम करत असताना बाहेर आले तर ते सोफ्यावर बसून टीपॉयवरच्या फोनकडे बघत होते. मला तो सिनेमा आठवला आणि हसू आलं, आणि त्याच क्षणी असं लक्षात आलं की तीन वर्षांत पहिल्यांदा माझे बाबा कशाची तरी वाट बघत आहेत. मी परत खोलीत जाऊन थोडी रडले.

बुधवारी फोन वाजला. बाबांनी कॉलर सारखी केली आणि मग उचलला. "हो. हो. नाही नाही, काही हरकत नाही. सातला? बरं."

मी दारात उभी. "काय म्हणाल्या?"

"उद्यापासून फिरायला येणार आहेत. बदकं फार माजली आहेत म्हणाल्या."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं कळवते म्हणाल्या. नाशिकला गेल्यावर."

"म्हणजे कधी?"

"विचारायचं नसतं," बाबा म्हणाले आणि पॉलिशची डबी शोधायला गॅरेजमध्ये गेले.

ठरल्याप्रमाणे दोघं आपापल्या विमानानं गेले, बाबा पुण्याला आणि काकू नाशिकला. रात्री आठला, त्यांच्या आठला, एकमेकांना फोन करतात असं मला कळलं, कारण त्या वेळी मी केला तर बाबा "ठेव, नंतर कर" म्हणतात. माझाच फोन कापतात. लग्नाबद्दल मी कुणालाच विचारलं नाही. एवढं तरी शिकले.

पुढच्या हिवाळ्यात एकदा सकाळी साडेसातला माझा फोन वाजला. काकू होत्या, आणि मागून एसटी स्टँडवरचा गलबला ऐकू येत होता. "अगं, तुझे बाबा आजारी आहेत. ताप असणार. मी निघालेय, चार तासांत पोचते, तू काळजी करू नकोस."

मी विचारलं, "त्यांनी तुम्हाला सांगितलं?"

"सांगतायत कसले," काकू म्हणाल्या. "मजेत म्हणाले. म्हणून तर निघाले."